उभी रहा

वड्यांची माळ ओवताना दोऱ्याला मधेच गाठ मारायची नसते, हे विशालाक्षीनेच घरच्या स्वयंपाकिणीला, शेषम्मेला, शिकवलं होतं. त्या दुपारी तिने स्वतःच पुन्हा पुन्हा मधे गाठी मारल्या, तेव्हा शेषम्मा झारा कढईवर आडवा ठेवून म्हणाली,

"अक्का, लक्ष कोठें आहे तुमचं?"

"वड्यांत."

"हात वड्यांत, पाठ मोबाइलाकडे. आणि कान?"

विशालाक्षीने मिरे घातलेला एक कडक वडा उचलला, त्याच्या भोकातून सुई घातली आणि दोरा इतक्या जोरात ओढला की वड्याचे दोन तुकडे झाले.

तंजावरच्या मेलवीधी गल्लीतल्या मठात मार्गळी महिन्यातला हनुमंत-उत्सव आठ दिवस चालला होता. उद्या लळीत, उत्सवाचं शेवटचं कीर्तन. दिवसभर मठात राहून विशालाक्षीने सगळी तयारी केली होती, आणि तिने न सांगितलेली एकच गोष्ट त्या सभामंडपात चालू होती. मारुतीसमोर चिपळ्यांची पेटी असते, तिला टेकवून तिच्या मुलाने, कार्तिकेयाने, आपला मोबाइल ठेवला होता. पडद्यावर चेन्नईजवळचा रेसचा ट्रॅक दिसत होता. म्हणजे ऊन, डांबर, आणि अर्ध्या पडद्यावर कुणाचा तरी अंगठा.

"जयश्री मामी, अंगठा काढा!"

"काढला रे," मोबाइलमधून आवाज आला. "उन्हात पडदाच दिसत नाही मला, काय करूं?"

तो आवाज ऐकून विशालाक्षीची मान आणखी ताठ झाली. भावजयीशी तिचं दीपावळीपासून बोलणं नव्हतं.

दीपावळीला ह्याच सभामंडपात सगळे बसले असताना तिची भाची साईप्रिया हिने सांगितलं होतं की मोटारींच्या राष्ट्रीय अजिंक्यपदाची शेवटची शर्यत नेमकी लळिताच्या आदल्या दिवशी आहे. सराव, गाडीची तपासणी, पात्रता फेरी धरून ती आठवडाभर चेन्नईला राहील. लळिताला येईन, म्हणाली, पण आधीचे दिवस जमायचं नाही. झालं. घराचे दोन भाग पडले. भाऊ सुरेंद्र, त्याची बायको जयश्री आणि त्यांची ही लेक एकीकडे; विशालाक्षी आणि कार्तिकेय दुसरीकडे. मधे भावंडांचे वडील वेंकटराव, पेल्यातून दबऱ्याच्या वाटीत कॉफी वरखाली ओतत बसलेले.

तंजावरात हरिदासांची घराणी आता किती उरली? वेंकटरावांचं हे एक. ह्या घरात कीर्तन 'करत' नाहीत, कीर्तनाला 'उभे राहतात'. जो उभा राहतो त्याच्या खांद्यावर ते जुनं जरीकाठी उपरणं. वेंकटरावांचा आवाज गेल्या वर्षीच्या आजारपणात बसला तो पुन्हा उठला नाही, आणि त्यांनी सांगून टाकलं होतं, पुढच्या लळिताला दुसरं कुणीतरी उभं राहील. कोण, ते सांगायची गरज नव्हती. पाच वर्षांची होती तेव्हापासून साईप्रिया त्यांच्या मागे झांज घेऊन बसायची. तिचा गळा, तिची लय, तिची समज, गल्लीतली तमिळ माणसंसुद्धा डोळे पुसत घरी जायची.

"जी उत्सवात झांज धरत नाही, ती लळिताला उपरणं घेणार नाही," विशालाक्षीने सगळ्यांदेखत सांगितलं होतं. "कार्तिकेय उभा राहील. आणि ऐकून ठेवा, त्या गाडीचं मी तोंड पाहणार नाही!"

जयश्री तेव्हा उठून उभी राहिली होती. "वन्सं, मुलगी देवाची आहे म्हणून तुमची एकटीची होत नाही."

तेव्हापासून अबोला.

"सुरू होतंय!" कार्तिकेय ओरडला. त्याच्या आईच्या बाजूचा माणूस तो. पण आज सकाळपासून मोबाइल चार्ज करण्यापासून आवाज वाढवण्यापर्यंत अस्की, झाडून सगळी कामं तोच करत होता.

"तुला उद्या उभं राहायचंय," विशालाक्षी पाठ न वळवता म्हणाली. "आख्यान पुन्हा एकदा वाचून काढ."

"वाचतों अम्मा. शर्यत झाली की."

मंडपातल्या खांबाला टेकून वेंकटराव डोळे मिटून बसले होते. ते म्हणाले, "आवाज मोठा कर रे. मला चित्र नक्को. लय ऐकायची आहे."

ट्रॅकवरचे सुटण्याचे लाल दिवे विझले आणि मोबाइलमधून असा गडगडाट झाला की शेषम्मेने कानांवर हात ठेवले. वीसेक गाड्या एकदम सुटल्या होत्या. सगळ्या रोजच्या रस्त्यावरच्याच लहान गाड्या. आतून सोलून काढलेल्या, लोखंडी नळ्यांचा पिंजरा बसवलेल्या. चालवणारे तसलेच, हौशी. आठवडाभर आपापल्या नोकऱ्या करायच्या आणि शनिवार-रविवार जीव हातात घ्यायचा. साईप्रिया वल्लमच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायची. तिच्यापुढे निळ्या गाडीत होता तो प्रवीणकुमार, कोइम्बतूरचा दातांचा डॉक्टर. वर्षभराच्या गुणांत दोघे बरोबरीत होते, त्यामुळे हिशेब सरळ होता: ह्या दोघांत जो आज पुढे, तो देशाचा विजेता.

साईप्रियाची गाडी शेंदरी. पापनाशमला सुरेंद्रचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं वर्कशॉप होतं; तिथे त्याने तिचं इंजिन सुटं करून पुन्हा जोडलं होतं आणि रंग देताना मारुतीचा रंग सोडून दुसरा विचारसुद्धा केला नव्हता.

"साई, पुढां निळी आहे," सुरेंद्रचा आवाज आला. तो हातात रेडिओ धरून पिटच्या, म्हणजे गाड्या दुरुस्त करायच्या जागेच्या, भिंतीशी उभा होता आणि जयश्री मोबाइल धरून त्याला खेटून, त्यामुळे तो मुलीशी रेडिओवर जे बोलायचा आणि ती जे उत्तर द्यायची ते मठात स्वच्छ ऐकू यायचं. "घाई नक्को. दम धर. तिची टायरं तापूंदेत."

"सरी अप्पा," रेडिओतून साईप्रिया बापाला तमिळमध्ये 'बरं' म्हणाली.

"तिथेही तुमच्या मराठीत बोलतात?" शेषम्मा चकित झाली. ती तमिळ, पण ह्या घरात इतकी वर्षं काढल्यामुळे मराठी तिला घरच्यासारखीच कळे.

कार्तिकेय हसला. "दुसऱ्या टीमचे लोक रेडिओ चोरून ऐकतात, शेषम्मा. मामाने मागल्या वर्षी युक्ती काढली. अख्ख्या ट्रॅकवर तंजावरी मराठी कळणारं कोण आहे? प्रवीणकुमारचा माणूस ऐकतो आणि डोकं खाजवतो."

"पण ती तमिळमध्ये उत्तर देते."

"तिला कळतं सगळं. बोलायचं म्हटलं की जीभ अडते. आमचं अस्कींचं तेंच."

ते खरं होतं, आणि विशालाक्षीला ते सलायचं. साईप्रिया घरात तमिळ बोलायची, बाहेर इंग्रजी. मराठी तिच्या तोंडून यायची ती फक्त चिपळ्या हातात आल्यावर. कीर्तनातली पदं तिने तमिळ लिपीत लिहून पाठ केली होती, पण म्हणायला लागली की एकेक अक्षर असं उमटायचं की पुण्याहून आलेल्या एका बुवांनी तिला विचारलं होतं, बाळ, तुझं शिक्षण कुठल्या गावी झालं?

मोबाइलमधला आवाज घुमत राहिला. वेंकटराव गुडघ्यावर बोटं मोजत होते. "विलंबितात चाललीय. बरोबर. पूर्वरंग आहे अजून. पूर्वरंगात घाम गाळायचा नसतो."

"अप्पा, ती शर्यत आहे," विशालाक्षी म्हणाली.

"मग? कीर्तनात तरी काय असतं? आधी श्रोत्याला धरायचं, मग त्याला घेऊन उडायचं."

"तिसरी आहे!" जयश्री ओरडली. "दुसरी! दुसरी झाली! आता फक्त दातांचा डॉक्टर पुढे!"

शेषम्मेने गॅस बंद केला. वडे राहिले कढईत. ती पदराला हात पुसत मोबाइलपाशी जाऊन बसली, आणि मंडपाच्या त्या कोपऱ्यात माळ ओवणारी विशालाक्षी एकटी उरली. तिने मान वळवली नाही. पण सुईही चालली नाही.

आणि मग जयश्री किंचाळली.

"अय्यो! धूर! धूर येतोय मागून!"

"कोठें?" कार्तिकेय पडद्यावर वाकला. "मला दिसत नाही..."

"आत्तां गेली बघ समोरून, मागून पांढरा लोट आला! अहो, बघितलंत का?"

"बघितला," सुरेंद्रचा आवाज एकदम कोरडा झाला होता. "हेड गास्केट गेलं असणार. पाणी जळतंय. इंजिन फुटलं तर..." आणि मग तो रेडिओवर ओरडला, "साई! गाडी बाजूला घे, धूर येतोय! उभी रहा! उभी रहा, साई! उभी रहा!"

रेडिओ खरखरला. त्या खरखरीतून साईप्रियाचा आवाज आला, लख्ख, आनंदाने भरलेला.

"सरी अप्पा!"

आणि इंजिनाचा सूर एका उडीत वर चढला.

"सरी म्हणाली," सुरेंद्र गोंधळून म्हणाला, "सरी म्हणाली आणि जोरात गेली! रेडिओ अर्धाच पोचतोय. साई! उभी रहा!"

"सरी, सरी!" आणि गाडी आणखी सुसाट सुटली.

खांबाला टेकलेले वेंकटराव हसायला लागले. आधी खांदे हलले, मग पोट, मग त्या बसक्या गळ्यातून असं हसू फुटलं की कार्तिकेय घाबरून आजोबांकडे वळला.

"ताता! काय झालं?"

"अरे, सुरेंद्राला सांग, तो शब्द बदल!" त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "तो म्हणतो थांब. ती ऐकते उड! समुद्राकाठी अस्की वानरं हातपाय गाळून बसलेली असतात, अस्वलांचा म्हातारा राजा मारुतीला त्याच्या बळाची आठवण देतो, मग मी मागे वळून हिला काय म्हणायचों? पाच वर्षांची होती तेव्हापासून?"

"उभी रहा," कार्तिकेय हळूच म्हणाला.

"आणि ती काय करायची?"

त्याचं उत्तर मठातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. ती परकराचा ओचा खोचून एका उडीत उठायची, झांज दुप्पट लयीत सुटायची, आणि त्या लयीवर मारुती समुद्र ओलांडायचा.

"बस उभी राहिली, गाडी उभी राहिली, हें आपण म्हणतों. ती म्हणत नाही. थांबायचा शब्द तिच्यापाशी तमिळ आहे," वेंकटराव म्हणाले. "आपल्या भाषेतलं 'उभी रहा' तिनं माझ्याच तोंडून ऐकलंय. तिला त्याचा दुसरा अर्थ ठाऊकच नाही."

"मग सांगायला हवं!" कार्तिकेयाने मोबाइलवर झडप घातली. "मामा! तमिळमध्ये सांगा! 'निल्लु' म्हणा! निल्लु म्हटलं की थांबेल!"

"हां, निल्लु..." तिकडे सुरेंद्रने श्वास घेतला.

"नक्को!"

आवाज इतका मोठा होता की मारुतीपुढची समईसुद्धा हलल्यासारखी वाटली. विशालाक्षी उभी होती. मांडीवरची माळ सुटून वडे मंडपभर घरंगळत चालले होते आणि मधली एकही गाठ त्यांना अडवत नव्हती.

ती चालत आली. कार्तिकेयाच्या हातातून तिने मोबाइल घेतला आणि दीपावळीनंतर पहिल्यांदा भावजयीला हाक मारली.

"जयश्री."

"...वन्सं?"

"नीट सांग. धूर सारखा येतोय, की मधूनमधून?"

"मधून. सरळ जाते तेव्हा काही नाही. वळणावरच्या लाल-पांढऱ्या पट्ट्यांवरून गाडी उसळली की भस्सकन येतो."

"काळा?"

"पांढरा. राखेसारखा."

विशालाक्षीने डोळे मिटले. तिच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मंडपात तिघं होती, मोबाइलपलीकडे आणखी दोघं, शिवाय मेकॅनिक मणी, आणि सगळ्यांसमोर तिने दीपावळीला जे म्हटलं होतं ते प्रत्येकाला पाठ होतं. पण तिकडे तो एक तमिळ शब्द भावाच्या ओठांवर येऊन थांबला होता.

"सुरेंद्रा, तो धूर नाही. अंगारा आहे."

"काय?"

"मारुतीचा अंगारा! साई पुढें गेली होती, इंजिन जोडून गुरुवारी तूं गाडी ट्रकवर घालून मठासमोर आणलीस, आठवतं? तुम्हीं अस्कीजण आत कॉफी पीत होतां. तेव्हा मीं मागल्या बंपरच्या आत बांधला. मूठभर. कापडात. वड्याच्या दोऱ्यानं. गचका बसला की सांडतोय तो."

मग कार्तिकेय म्हणाला, "अम्मा, तूं तर म्हणाली होतीस, त्या गाडीचं तोंड पाहणार नाही."

"तोंड कोठें पाहिलं? मागून गेलें आणि मागून आलें!"

शेषम्मा तोंडात पदर कोंबून हसू लागली. पण तिकडे सुरेंद्र हसत नव्हता.

"अक्का, खात्री आहे तुझी? इंजिन पेटलं तर... माझी मुलगी आहे आत."

खात्री? विशालाक्षीने आयुष्यभर मुलींच्या शाळेत गणित शिकवलं, ताळा न करता कधी उत्तर पाटीवर लिहिलं नाही. बंपरच्या आत तिने पुडी बांधली एवढं खरं. ती सुटलीय हा अंदाज. आणि तो अंदाज चुकला तर?

"वास," ती म्हणाली. "मणीला भिंतीवर पाठव. ती पुढच्या खेपेला गेली की वास घ्यायला सांग. तेल, पाणी जळलं तर त्याचा वास तुला कळेल. माझ्या अंगाऱ्यात कापूर चुरला आहे."

त्यानंतर जे थोडे क्षण गेले ते तिने मारुतीकडे पाहत काढले. नवस बोलली नाही. नवस बोलायला तिला तोंडच नव्हतं. त्याचाच अंगारा त्याच्याच उत्सवात चोरून नेला होता. तिने नुसतं म्हटलं, तुझं सामान आहे, तूं ओळख.

शेवटच्या वळणाचा गडगडाट जवळ आला, मोबाइल फाटेल असा वाढला आणि पुढे निघून गेला.

"मणी?" सुरेंद्रचा आवाज.

दूरवरून मणी तमिळमध्ये ओरडत होता, खोकत होता आणि ओरडत होता. जयश्री रडत हसत म्हणाली, "कापूर! वन्सं, कापूर म्हणतोय तो! डोकं, मिशा, अस्की पांढरी झालीय त्याची! देवळात उभा असल्यासारखा वास येतोय म्हणतो!"

"सुरेंद्रा," वेंकटराव पुढे सरकले, "आता सांग तिला."

"काय सांगूं अप्पा?"

"तेंच. फक्त या खेपेला अर्थ माझा ठेव."

सुरेंद्रने रेडिओचं बटण दाबलं आणि बापाच्या सुरात, बापाच्या हेलात, पोटातून हाक घातली:

"साईप्रिये! उभी रहाऽऽ!"

ह्या वेळी 'सरी' आलं नाही. नुसता इंजिनाचा आवाज, आणि वेंकटरावांची बोटं गुडघ्यावर दुप्पट लयीत. शेवटची फेरी. कार्तिकेयाने आईच्या हातातला मोबाइल घेऊन वर धरला. शेंदरी गाडी निळीच्या मागे, इतकी मागे लागून की दोन गाड्या नव्हे, एकच दोन रंगांची गाडी वाटावी. उजवं वळण. निळीने ब्रेक लावला. शेंदरीने लावला नाही.

"लाव ग!" विशालाक्षी ओरडली. "लाव ना ब्रेक!"

साईप्रियाने लावला, पण एका टाळीच्या अंतराने. समेवर यायच्या आधी ती जशी एक मात्रा धरून ठेवायची आणि ऐकणाऱ्याचा जीव टांगणीला लागायचा, अगदी तशी. आतल्या बाजूने शेंदरी नाक घुसलं. पट्ट्यांवर चाकं चढली, मागून मारुतीचा उरलासुरला अंगारा एका मोठ्या लोटात उधळला, आणि त्या ढगात निळी गाडी दिसेनाशी झाली.

ढगातून पहिली बाहेर पडली ती शेंदरी.

चौकटींचा झेंडा कुणी पाहिला, कुणी नाही. जयश्रीने मोबाइल बहुधा आकाशात फेकला होता, कारण पडद्यावर निळं आकाश, मग डांबर, मग सुरेंद्रचा बूट. आवाज मात्र सगळे आले. मणीची शिट्टी आली. सुरेंद्र रडतोय हे आलं. आणि माईकवरून कुणीतरी इंग्रजीत सांगत होतं की तंजावरची साईप्रिया सुरेंद्र ही ह्या वर्षीची राष्ट्रीय विजेती.

कार्तिकेयाने आजोबांना उचललं. खरंच उचललं. शेषम्मा सांडलेले वडे गोळा करता करता मधेच बसली आणि एक वडा तोंडात टाकून म्हणाली, "देवाला दाखवायच्या आधी खाल्ला, पाप लागूंदे."

"जयश्री," विशालाक्षी पालथ्या मोबाइलशी बोलत होती, "ती दुपारी जेवलीय का?"

"नाही वन्सं. तुमच्या हातची पोळी पाहिजे म्हणते."

"बघ तर. या लौकर."

---

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मठात पाय ठेवायला जागा नव्हती. बातमी गल्लीभर झाली होती. एरवी लळिताला न येणारी माणसं आली होती, तिरुवैयारूहून गाणं शिकणारी मुलं आली होती, कॉलेजातले विद्यार्थी आले होते आणि चपला काढायच्या की नाही ह्यावर दारात कुजबुजत होते. गल्लीच्या तोंडाशी ट्रकवर शेंदरी गाडी उभी होती, आणि तिच्या नाकावर कुणीतरी, कोण ते कुणी विचारलं नाही, वड्यांची एक छोटी माळ घातली होती. तिला मधे एकही गाठ नव्हती.

चषक मारुतीच्या पायाशी होता. साईप्रिया मात्र पुढे आली नाही. न्हाऊन, साधी सुती साडी नेसून, ती मागे झांजवाल्यांच्या रांगेत जाऊन बसली होती. आत्याचा शब्द तिने मोडला नव्हता: उत्सवात झांज धरली नाही, तर उपरणं नाही. स्टिअरिंगने तिच्या तळहातांना फोड आले होते आणि झांजेची दोरी त्यावर रुतत होती.

वेंकटरावांनी पेटी उघडून उपरणं काढलं आणि कार्तिकेयाच्या हातात दिलं. कार्तिकेयाने ते उलगडलं. मग थांबला.

"अम्मा," तो म्हणाला, "ह्याचं टोक कोठें गेलं?"

जरीकाठी उपरण्याचा एक कोपरा नीट, सरळ, कात्रीने कापलेला होता. सगळा मठ पाहू लागला. सुरेंद्रने काही न बोलता खिशातून एक वस्तू काढली. गाडीच्या बंपरखालून सोडवलेली, तेलाने काळी, रस्त्याने फाटलेली चिंधी, तिला अजून वड्याचा दोरा लटकत होता. एका कडेला जरी होती. कार्तिकेयाने ती उपरण्याच्या तुटक्या कोपऱ्याला लावून पाहिली. बसली.

"हाताशी जें आलं तें कापलं," विशालाक्षी पुटपुटली. "पुडी बांधायला कापड नव्हतं."

"घरात चिंध्या नव्हत्या, अम्मा?"

विशालाक्षी ती चिंधी घेऊन तिचा दोरा सोडवू लागली.

कार्तिकेयाच्या चेहऱ्यावर इतक्या महिन्यांत पहिल्यांदा सुटकेचं हसू आलं. "माझं आख्यान पाठ झालेलं नाही, खरं सांगायचं तर. होणारही नव्हतं." त्याने उपरणं आईच्या हातात ठेवलं. "आणि तूं तर हें गुरुवारीच देऊन टाकलं होतंस."

जयश्रीने बायकांच्या बाजूने नणंदेचा हात धरला आणि हलकेच पुढे ढकललं.

विशालाक्षी गर्दीतून वाट काढत मागे गेली. भाची मान खाली घालून बसली होती. आत्याने ते कोपरा नसलेलं उपरणं तिच्या खांद्यावर घातलं, कापलेली बाजू मुद्दाम वर ठेवली, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"साईप्रिये, उभी रहा."

साईप्रियाने वर पाहिलं. डोळे भरलेले, आणि ओठांच्या कोपऱ्यात खट्याळपणा. मग त्या मुलीने, चिपळ्या हातात नसताना, जन्मात पहिल्यांदा सभेत घरची भाषा उच्चारली.

"कोणतें 'उभी रहा', अत्ये? अप्पांचें, का तातांचें?"

मठ हसून हसून लोळला. सुरेंद्रने दोन्ही हातांनी कान धरले. वेंकटराव मारुतीकडे बोट दाखवत मान डोलावत होते.

विशालाक्षी हसली नाही. तिने खाली बसून भाचीच्या फोड आलेल्या हातांतून झांज सोडवून घेतली, दोरी स्वतःच्या बोटांना गुंडाळली, आणि तिच्या रिकाम्या झालेल्या जागेवर मांडी घालून बसली.

"लय मीं धरतें," ती म्हणाली. "तूं जा."